पाचव्या फेरीचं वर्तुळ

४ मार्च

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न उघडता बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता आईकडून लिहून घेतला. आत मात्र मीच आहे. दोन वर्षांत तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्हींत हवापाणी कळवलं. या पत्रात काम आहे.

बुद्धिबळ संघटनेचं पत्र आपल्या घरच्या पत्त्यावर आलं. तुझ्यावरची बंदी या तीस तारखेला संपते. खाली अट आहे. मुख्य पंचांची तू मागितलेली लेखी माफी त्या दिवशीच्या बैठकीआधी पोचली, तरच तुझं नाव खेळाडूंच्या यादीत परत घेतील. नाही पोचली तर आणखी तीन वर्षं. तीन वर्षांनी तू चौतिशीची होशील. आई हिशेब करत नाही असं दाखवते, पण मी विचारलं नसतानाही "चौतिशी म्हणजे काही म्हातारपण नाही" असं ती दोनदा म्हणाली.

मजकूर मी तयार करून सोबत ठेवला आहे. तीनच वाक्यं आहेत : "निवड स्पर्धेच्या सहाव्या फेरीत मुख्य पंचांनी पक्षपाताने जोड्या लावल्याचा आरोप मी केला. तो गैरसमजातून झाला. त्याबद्दल मी माफी मागते." 'खोटा आरोप' असं मी लिहिलेलं नाही, बघ. गैरसमज कुणाचाही होतो, त्यात कमीपणा नाही. तू फक्त सही करायची आणि पत्र संघटनेकडे टपालाने पाठवायचं.

तू म्हणशील, मी का माफी मागू? पण त्या दिवशी तू फळ्यावरची जोड्यांची यादी फाडलीस. सगळ्या सभागृहासमोर पंचकाकांना म्हणालीस, "सुनेला जिंकवायचंय तर सरळ बक्षीस घरी घेऊन जा ना!" ज्यांनी आपल्याला लहानपणी घड्याळ दाबायला शिकवलं त्यांना. मग खेळायलाच बसली नाहीस. तुझं घड्याळ एकटंच तासभर चाललं आणि डाव गेला, संघातली जागाही गेली. एवढ्या सगळ्यानंतर तीन वाक्यं काय जड आहेत?

बाबा बरे आहेत. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पट मांडतात आणि दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळतात. हरवलेल्या हत्तीच्या जागी अजून तेच बाटलीचं बूच आहे. मी खेळत नाही. मोहऱ्याला हात लावला की तेच हलवावं लागतं, या नियमाची मला अजून धडकी भरते. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये माझं नाव 'दोनदा' पडलं आहे, कारण प्रत्येक नळीवरचं नाव मी दोनदा वाचते. खरं तर तीनदा वाचते. तिसऱ्यांदा मनातल्या मनात.

सही कर, ताई. सगळ्यांचा जीव भांड्यात पडेल.

तुझी,
शंकी

१० मार्च

ताई,

माझाच कागद सहीशिवाय परत आला आणि त्याच्या पाठीवर तुझी एक ओळ : "शंके, कार्डं तुझ्यासमोर होती. जोडी नियमाने होती का? हो किंवा नाही." आधी मी 'शंके' हा एवढा एकच शब्द कितीतरी वेळ वाचत बसले. दोन वर्षांनी मला कुणी तसं म्हटलं. आई-बाबा मला नावानेच हाक मारतात. शंकी म्हणायचीस ती तू एकटीच.

हो किंवा नाही असं सांगणं अवघड आहे. क्रमाने लिहिते. तुला सगळं पाठ आहे हे माहीत आहे, पण माझं डोकं क्रमानेच चालतं.

त्या स्पर्धेत मी पंचकाकांची सहायिका होते. संगणकावर जोड्या लावायला ते कधीच तयार झाले नाहीत. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड. त्यावर प्रत्येक फेरीचा प्रतिस्पर्धी, गुण आणि रंगासाठी एक वर्तुळ. पांढऱ्यांनी खेळली तर वर्तुळ पोकळ ठेवायचं, काळ्यांनी खेळली तर पेन्सिलने भरायचं. पाच फेऱ्या झाल्यावर तुम्हा चौघींचे चार-चार गुण होते. मानांकनाने पंचकाकांची सून पहिली, तू दुसरी, पोहण्याच्या शिक्षिका तिसऱ्या आणि दातांच्या डॉक्टर चौथ्या. नियम असा की वरच्या दोघी खालच्या दोघींशी क्रमाने : पहिली तिसरीशी, दुसरी चौथीशी. म्हणजे तू डॉक्टरांशी. यादीत आलं उलटं. सुनेला डॉक्टर मिळाल्या आणि तुला पोहण्याच्या शिक्षिका, ज्यांना तू कधीच हरवलेलं नाहीस. तू ओरडलीस ते याच्यावर.

पण रंग जुळत नसतील तर खालच्या दोघींची अदलाबदल करता येते, हेही नियमातच आहे. डॉक्टर पाचव्या फेरीत काळ्यांनी खेळल्या होत्या, तसं कार्डावर होतं. तूही काळ्यांनीच खेळली होतीस. पुढच्या फेरीत दोघींनाही पांढरी हवी, म्हणून तुमची जोडी लागली नाही आणि अदलाबदल झाली. समितीच्या तिघांनी कार्ड हातात घेऊन पाहिलं आणि तुझी हरकत फेटाळली.

आणखी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. पंचकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन तेव्हा नुकतंच झालं होतं. त्यांना वर्तुळं पोकळ की भरलेली ते नीट दिसत नव्हतं. चौथ्या फेरीपासून कार्डं मीच लावत होते. ते फक्त शेवटी सही करायचे. समितीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जोड्या मी लावल्या." जबाबदारी मुख्य पंचांची असते, म्हणून तसं म्हणाले असतील. मी काही बोलले नाही. मला कुणी विचारलं नव्हतं.

आणि त्या दिवशी दुपारी मी नळावर हात धूत होते. माझ्यामागे दोघीजणी उभ्या होत्या. एक म्हणाली, "धाकटीच्या हातात कार्डं, मग थोरलीला कसली चिंता!" दुसरी म्हणाली, "हो ना, बसल्या जागी निवड." मी वळून पाहिलं नाही. साबण तसाच हातावर राहिला. हे का लिहिते आहे कळत नाही. तुझ्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

तेव्हा सही कर. कागद परत पाठवते आहे. जे झालं ते कार्डाप्रमाणे झालं.

तुझी,
शंकी

१४ मार्च

ताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं, "तसं कार्डावर होतं." चार दिवस हे वाक्य मी मनातल्या मनात वाचते आहे. लॅबमध्ये आज एक नळी हातातून सुटली. चार वर्षांत पहिल्यांदा.

कार्डावर तसं होतं, कारण मी तसं केलं होतं.

तुझा प्रश्न हो की नाही असा होता. उत्तर नाही. जोडी नियमाने नव्हती. तू बरोबर होतीस, फक्त चुकीच्या माणसाकडे बोट दाखवलंस. पंचकाकांचा त्यात हात नव्हता. सुनेचाही नव्हता. तो मागच्या खोलीत बसलेल्या तुझ्या बहिणीचा होता.

नळावरून आले तेव्हा पाचव्या फेरीचे निकाल टेबलावर आलेले होते. मी चार कार्डं लावली. सून, तू, शिक्षिका, डॉक्टर. क्रमाने तुला डॉक्टर येत होत्या आणि पांढरी मोहरीही तुलाच. चौघींत सगळ्यांत सोपा डाव, तोही पांढऱ्यांनी. मी त्या दोन कार्डांकडे पाहत राहिले आणि मला फळ्यासमोरची माणसं दिसायला लागली. यादी वाचून एकमेकींना कोपर मारणारी. 'बघितलंस? सांगितलं नव्हतं?' मी कार्डं उचलली, परत लावली. परत तेच आलं. नियम तर तोच होता. मग मी खालची दोन कार्डं अदलाबदल केली.

मला तुझं वाईट करायचं नव्हतं, असं लिहिणार होते. लिहून खोडलं, कारण त्या वेळी मी तुझा विचारच केला नव्हता. मला फक्त मी कशी दिसेन याची काळजी होती. निःपक्षपाती दिसावं म्हणून मी पक्षपात केला, आणि तो सख्ख्या बहिणीवर. पंचकाकांनी डोळे बारीक करून सही केली. यादी लागली. पुढचं तुला माहीत आहे.

ते एवढंच असतं तर कदाचित तेव्हाच सांगितलं असतं. समितीचे अध्यक्ष मला म्हणाले, "जा, चौघींची कार्डं घेऊन ये." सभागृहातून मागच्या खोलीपर्यंत बावीस पावलं आहेत. जाताना मी ठरवलं होतं की कार्डं ठेवायची आणि सांगायचं, माझी चूक झाली. शब्दही जुळवले होते. खोलीत गेले. टेबलावर जोड्यांची पेन्सिल होती. डॉक्टरांच्या कार्डावर पाचव्या फेरीचं वर्तुळ पोकळ होतं. त्या पांढऱ्यांनी खेळल्या होत्या. मी ते भरलं. एवढंच केलं, एक वर्तुळ भरलं. त्या एका वर्तुळाने अदलाबदल नियमात बसली. इतकी चोख बसली की तीन मोठी माणसं माना डोलवू लागली. पाचव्या फेरीत डॉक्टर जिच्याशी खेळल्या तिचं कार्ड कुणी काढून पाहिलं असतं, तर एकाच डावात दोघीही काळ्यांनी खेळल्या असं निघालं असतं. कुणी पाहिलं नाही. अध्यक्ष तुला म्हणाले, "कार्डं तुमच्या सख्ख्या बहिणीने आणली आहेत. ती तुमच्याविरुद्ध काही करेल का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं असेल मी काहीतरी बोलेन. मी जमिनीकडे पाहत होते. माझ्या तर्जनीला शिसं लागलं होतं आणि मी ते अंगठ्याने पुसत होते.

घरी बाबा तुला म्हणाले, "पंच म्हणजे पंच. याच घरात शिकलीस ना?" महिन्याभरात तू चष्म्याच्या काचा घासायची नोकरी धरून निघून गेलीस. तुझी बॅग मी भरून दिली. सगळ्या कपड्यांच्या घड्या मी दोनदा घातल्या. तेव्हाही बोलले नाही.

याच घरात मीही शिकले. शाळेत जायच्या आधी आपण अक्षरं पटाच्या चौकोनांवरून शिकलो. डाव संपला की मोहरी उचलायच्या आधी प्रत्येकीने आपली चूक झालेल्या चौकोनावर बोट ठेवायचं, जिंकलेलीनेही. दुसरीच्या चुकीवर बोट ठेवलं तर बाबा पट उचलून ठेवायचे. "आधी आपलं," म्हणायचे. तू पटकन बोट ठेवायचीस आणि हसायचीस. मी इतका वेळ लावायचे की आई जेवणाची ताटं घेऊन उभी राहायची. सहा चौकोनांवर बोट फिरायचं माझं. तू म्हणायचीस, "अगं शंके, एक चूक पुरे! सगळ्या पटाची माफी मागणार आहेस का?"

आता ठेवते आहे बोट. तो कागद फाडून टाक. सही करू नकोस.

उद्या रविवार. पंचकाकांकडे जाते.

शंकी

१८ मार्च

ताई,

माझं चौदा तारखेचं पत्र तुला सोळाला मिळालं असेल. तोवर तुझं पाकीट संघटनेत पोचलं होतं. मला माहीत नव्हतं. क्रमानेच सांगते.

रविवारी पंचकाकांकडे गेले. ते खिडकीपाशी बसून जुन्या स्पर्धांची घड्याळं दुरुस्त करत होते. टेबलभर काटे आणि स्प्रिंगा. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बस. कुठल्या कार्डाबद्दल आलीस ते मला माहीत आहे."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"डोळा गेला होता, अंगठा शाबूत होता. ते वर्तुळ माझ्या अंगठ्याला लागलं. बाकीची चार नाही लागली. ताजं शिसंच बोटाला येतं, पोरी."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

त्यांनी हातातला स्क्रू नीट डबीत ठेवला. "मला वाटलं, माझी अब्रू जाते आहे हे बघून तू ते केलंस. जी पोर माझी अब्रू वाचवते तिलाच चारचौघांत उघडं पाडू? असं मी स्वतःला सांगितलं." मग म्हणाले, "आणि आमच्या घरात त्या दिवशी सुनेची निवड झाली होती. सगळे खूश होते. तेही कारण होतंच. ते मी स्वतःला सांगितलं नाही."

"मी तुमच्यासाठी नव्हतं केलं, काका."

"मग कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

टेबलावरचं एक घड्याळ चालू झालं होतं, ते त्यांनी हात ठेवून बंद केलं. मग कपाटातून एक पाकीट काढलं. त्यात डॉक्टरांचं कार्ड होतं. दोन वर्षं वेगळं काढून ठेवलं होतं त्यांनी. म्हणाले, "उद्या संघटनेने तुझ्या ताईचं माफीपत्र दाखवायला आणलं तर मला ते हातात धरवणार नाही. हे तू घेऊन जा. मला नेण्याचं धाडस झालं नाही."

काल लॅबमधून अर्धा दिवस सुट्टी घेऊन संघटनेच्या कार्यालयात गेले. माझा जबाब रविवारीच लिहून ठेवला होता. चार पानं. तिथल्या कारकुनाने तुझं नाव ऐकलं आणि म्हणाला, "अहो, त्यांचं तर आलं! शनिवारच्याच टपालाने. बरं झालं बाई, मिटलं एकदाचं."

मी म्हटलं, "दाखवता का?"

त्याने फाईल उघडून माझ्यासमोर सरकवली.

तू माझा मजकूर तुझ्या अक्षरात उतरवला आहेस. तिन्ही वाक्यं तशीच, आणि खाली सही. पण सहीच्या वर एक चौथं वाक्य आहे. ते मी दिलं नव्हतं : "जोड्या लावण्यात मदत करणाऱ्या सहायिकेचा या प्रकरणात कोणताही दोष नाही."

ताई, सहायिकेबद्दल तुला कुणी विचारलं होतं? संघटनेने नाही, पंचकाकांनी नाही. आजवर एकाही माणसाने दोष देताना माझं नाव घेतलेलं नाही. पत्रावर तारीख बारा आहे. म्हणजे दहाचं माझं पत्र वाचलंस, नळावरच्या त्या दोघींचं वाचलंस, आणि मी जे लिहिलं नव्हतं ते तुला कळलं. कबुली टपालात पडायच्या आधी तू मला वाचवायला धावलीस. जी माफी दोन वर्षं मागितली नाहीस, ती मला सोडवायला मागितलीस.

मी तिथे उभी राहून रडले. कारकून घाबरला. खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाला, "अहो, माफी मंजूर होते, काळजी करू नका."

मी म्हटलं, "मंजूर व्हायला नको आहे. हे परत द्या."

"तसं नाही देता येत. आवक नोंदवहीत चढलंय."

"मग मला हरकतीचा फॉर्म द्या."

"कसली हरकत?"

"सहाव्या फेरीच्या जोडीवर. आणि या माफीपत्रावर."

त्याने फॉर्म काढला, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हरकत फेरी सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी द्यायची असते. तुम्हाला दोन वर्षं उशीर झालाय."

"मग उशिराची म्हणून नोंदवा."

त्याने खरंच तसं लिहिलं, 'उशिराची'. चार पानं आणि ते कार्ड जोडून मी फॉर्म तुझ्या माफीपत्रावरच टाचणीने लावला. तुझं वाचायचं तर आधी माझं वाचावं लागेल. पोच घेतली. ती मी तीनदा वाचली, पण त्यात माझा दोष नाही, सवय आहे.

तीस तारखेला बैठकीत मला बोलावतील. कार्डाला मला पुन्हा कधी हात लावू देणार नाहीत, हे ठरलेलंच आहे. ते बरोबरही आहे. तुझं नाव यादीत येईल की नाही, ते सांगता येत नाही. कारकून म्हणाला, असं याआधी झालेलं नाही. पण तू सही मागे घेतलीस तरच त्यांना माझ्या चार पानांचं काही करावं लागेल. नाहीतर म्हणतील, मिटलेलं कशाला उकरता, आणि माझ्या जबाबावर तुझीच सही झाकण म्हणून बसेल. एक ओळ लिही : "माझे माफीपत्र मी मागे घेते." मजकूर मी तयार करून पाठवत नाही. माझे मजकूर पुरे झाले.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते पटावर बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, बावीस पावलं, पेन्सिल, सगळं. आई दारात हात पुसत उभी होती, ती तशीच राहिली. मला वाटलं बाबा ओरडतील. त्यांनी बूच उचललं आणि त्याच्या जागी ठेवलं. सगळी मोहरी सुरुवातीच्या जागी मांडली, म्हणजे डाव नव्हताच, कुठलाही चौकोन चुकीचा नव्हता. तरी त्यांनी पटावर बोट ठेवलं. आपल्या बाजूला, अगदी कडेला.

"हे माझं," म्हणाले. "तिला मी विचारलंच नाही, तुझं म्हणणं काय आहे म्हणून. पंच म्हणजे पंच, म्हणून मोकळा झालो." मग मला म्हणाले, "तुझं ठेव."

मी ठेवलं. या वेळी वेळ लागला नाही.

आई म्हणाली, "आणि तिचं?" तुझ्या खुर्चीकडे पाहत. बाबा मान हलवून म्हणाले, "या डावात तिचं बोट लागत नाही."

मी काही बोलले नाही, पण तुला लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण मग तेही लपवल्यासारखं होईल. यादी फाडलीस, ती मात्र तुझी, ताई. त्या एका चौकोनावर बोट ठेव. बाकी सगळ्या पटावरून हात काढ.

शंकी